ग्रेगरी सर, ती तिथी मी मोजली होती

ग्रेगरी सर,

मंगळवारी तुम्ही गेलात. गुरुवारी शाळा पुन्हा भरली, आणि माझा दहावीचा गणिताचा तास चक्क पूर्ण चाळीस मिनिटं झाला. दारात कुणी आलं नाही. "बाई, नऊ पोरी पाहिजेत, धा मिनिटांत परत आणून देतो," असं कुणी म्हटलं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तुमची ही खोड गेली नव्हती. नवे पीटीचे सर बिचारे तुमच्या मागे उभे राहून ओशाळं हसायचे. मी वर्तुळाचं प्रमेय पुरं केलं, उरलेल्या वेळात दोन उदाहरणं सोडवून घेतली आणि तुमचा असा संताप आला की विचारू नका. वीस वर्षं मी जे मागत होते ते मिळालं आणि त्याचं काय करायचं ते कळेना.

त्या दिवशी दुपारी फादर शिक्षकांच्या खोलीत आले. रविवारी तुमच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा आहे, नंतर शाळेच्या हॉलमध्ये जुनी मुलं जमणार आहेत, मी चार शब्द बोलावेत, म्हणाले. मी हो म्हटलं आणि लगेच पस्तावले. कारण जुनी मुलं जमली की कुठली गोष्ट निघणार हे मला ठाऊक होतं. शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले त्या दिवसाची. ती गोष्ट सगळे तुमच्या नावावर सांगतात, तुम्ही केलेल्या चुकीची म्हणून, पोट धरून हसत. आणि ती चूक तुमची नव्हती हे फक्त दोघांना माहीत होतं. आता मला एकटीला. रविवारी उभं राहून खरं सांगायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न तीन दिवस माझ्यापुढे होता.

तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत, कारण मी बोलायला लागले की तुम्ही शिट्टी फुंकायचात.

मी आले तेव्हा शाळा म्हणजे चार खोल्या होत्या. मागे चर्च, चर्चमागे सुरूची झाडं, सुरूंमागे समुद्र. पुढचं अंगण एवढंसं, की मुलाने जरा बरी लांब उडी मारली की ते फादरांच्या कण्हेरीत जाऊन पडायचं. माझे यजमान बोईसरच्या कारखान्यात लागले होते, म्हणून मी तारापूरच्या बाजूची ही नोकरी धरली. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर दोन वेळापत्रकं पाहिली. एकावर लिहिलं होतं 'उधाण', दुसऱ्यावर 'भांग'. मला वाटलं, कुणीतरी थट्टा केली आहे. तुम्ही डब्यातलं बोंबलाचं कालवण खाता खाता समजावलंत, की पुनवेच्या नि अवसेच्या आसपास समुद्र लांब मागे जातो ते उधाण, अष्टमीच्या आसपास जेमतेम हलतो तो भांग, आणि आपल्या शाळेचं मैदान समुद्राच्या मालकीचं आहे.

"ओली वाळू, बाई. सिमेंटसारखी टणक. पोर पडली तरी खरचटत नाय. असं ग्राउंड मुंबईत दाखवा."

"आणि भरतीला?"

"भरतीला गणित."

असं हे तुमचं वेळापत्रक. ओहोटी रोज पाऊण पाऊण तास पुढे सरकत शाळेच्या घंटांवरून चालत जायची आणि महिन्यातले कितीतरी दिवस नेमकी माझ्या तासावर येऊन बसायची. इतिहासावर यायची तेव्हा ती भांगाची, वाळू नावापुरती. गणितावर यायची ती मात्र लांबच लांब. मी भांडले, तर तुम्ही हात वर केलेत. "बाई, ओहोटी काय मी आणली? तिच्याशी भांडा." मी खरंच फादरांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "राऊतबाई, तुम्ही माहीमच्या ना? समुद्राकाठच्या?" आता आमचं हे माहीम मुंबईतलं नव्हे, आणि तिथली म्हणजे वाडीतली. आमचं सगळं घर नारळ-सुपारीत. समुद्राशी माझं नातं संध्याकाळी फिरायला जाण्यापुरतं. भरती कधी येते हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

ते मला शिकवलं यमुनाने, तुमच्या लाडक्या यमुनाने. आठवीत मागच्या बाकावर बसून अपूर्णांकाच्या तासाला डुलक्या काढणारी, मच्छीमाराची पोर. वहीत तीन चतुर्थांश म्हटलं की तिचे डोळे पांढरे. एकदा तुम्ही दारात आलात आणि माझ्यादेखत तिला विचारलंत, "यमे, एकादशीला सुकती कवा?" तिने बोटही न मोडता सांगितलं, "अकराची पाऊणपट सव्वाआठ, ती भरती. सहा तास धरा, सव्वादोनला सुकती." मी खडू हातात धरून उभी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी! हे तिला आजोबांनी होडीत बसून शिकवलं होतं, आणि मी दोन महिने त्याच पाऊणसाठी तिच्या पाठीत धपाटे घालत होते.

"तुमच्या अपूर्णांकाला जरा समुद्र दाखवा, बाई," एवढंच म्हणून तुम्ही नऊ पोरी घेऊन गेलात.

मी चार दिवस फुगून बसले. पाचव्या दिवशी फळ्यावर चतुर्थीची भरती काढायला दिली. सगळी किनाऱ्याकडची मुलं ओरडून उत्तर देऊ लागली. मासवणच्या बाजूची डोंगरातली मुलं होस्टेलवर राहायची, त्यांना समुद्राचं काही ठाऊक नव्हतं, पण हरायचं नाही म्हणून तीही पाऊणपट शिकली. त्या वर्षी अपूर्णांकात कुणी नापास झालं नाही. हे तुमच्यामुळे झालं असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही तासाची पाच मिनिटं आणखी मागितली असती.

मग ते मान्यतेचं प्रकरण आलं. आपल्याला नववीपर्यंतच परवानगी होती. दहावीसाठी बोईसरला जायचं म्हणजे मुलींचं शिक्षण तिथेच संपायचं. यमुनाच्या आईने सांगूनच टाकलं होतं, नववी झाली की मासळीची पाटी डोक्यावर. फादरांनी अर्ज केला. खात्याकडून उत्तर आलं, सगळं ठीक आहे, फक्त शाळेला मैदान हवं. साहेब स्वतः येऊन पाहतील, सोयीची तारीख कळवा. फादर तुमच्याकडे बघायला लागले, तुम्ही माझ्याकडे.

"यमीला विचारतो तारीख," तुम्ही म्हणालात.

आणि मी, सर, अंगावर पाल पडल्यासारखी उसळले. शाळेच्या भवितव्याचा प्रश्न, आणि आठवी-नववीच्या पोरीला विचारणार? मी मोजते. डिसेंबर चालू होता, नवीन वर्षाचं कॅलेंडर अजून भिंतीवर यायचं होतं. मी डिसेंबरच्या पानावरून पुढे बोटांवर मोजलं आणि जानेवारीतली एक तारीख काढली. शुद्ध त्रयोदशी. सकाळी पावणेदहाला भरती, दुपारी पावणेचारला ओहोटी, म्हणजे दोनपासूनच वाळू मोकळी. अडीचला साहेब, त्याच वेळी बोईसरच्या शाळेशी आपल्या मुलींचा खो-खोचा सामना. फादरांनी पत्र धाडलं. मुलांना रोज ओरडते, ताळा करा, ताळा करा; मी स्वतः ताळा केला नाही.

त्या दिवशी सकाळी देवाला फूल वाहून वळले आणि नव्या कॅलेंडरकडे नजर गेली. तारखेच्या चौकोनात पौर्णिमा. मी पुन्हा बघितलं. मग पुन्हा बोटांवर मोजलं. एक तिथी मध्येच गळाली होती, ते मला कळायला मार्ग नव्हता. पण दुसरी चूक? मी डिसेंबर तीस दिवसांचा धरला होता. सर, बीएस्सी गणित, पहिला वर्ग, आणि डिसेंबर तीस दिवसांचा! दोन तिथी चुकल्या म्हणजे दीड तास चुकला. अडीच वाजता साहेबांना मैदानाच्या जागी मासे दिसणार होते.

बसमधून उतरून मी धावत आले. तुम्ही फाटकाशीच उभे होतात, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. मी सगळं सांगितलं. रडले असेन बहुतेक. तुम्ही कान खाजवलात. "असं?" म्हणालात. मग म्हणालात, "बाई, आता तुमी गप राहायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाय. पीटी मास्तरचं गणित कच्चं असलं तर कोण हसतं? पण गणिताच्या बाईंचं कच्चं निघालं तर साहेब दहावी देईल?"

साहेब बरोबर अडीचला आले. जीपमधून उतरले, खोल्या पाहिल्या, ग्रंथालयाचं कपाट पाहिलं, मग हातातला कागद बघून म्हणाले, "आणि मैदान?" तुम्ही त्यांना सुरूंमधून पलीकडे नेलंत. आम्ही सगळे मागोमाग. समोर समुद्र. आणि त्या समुद्रात, चांगले पन्नास पावलांवर, खो-खोचे दोन खांब कमरेएवढ्या पाण्यात उभे. एकावर बगळा बसला होता. बोईसरच्या मुली पांढरे बूट घालून आल्या होत्या. त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, "अरे, मैदान किधर है?"

साहेबांनी तोच प्रश्न मराठीत विचारला.

"येतंय, साहेब," तुम्ही म्हणालात. पाहुणे बोईसरहून निघालेत, वाटेत आहेत, अशा थाटात. "चूक माझी. तिथी मी मोजली. पीटीचा मास्तर, गणित कच्चं. पण आमच्या गणिताच्या बाईंच्या मुली आता तुमाला सांगतील, ग्राउंड किती वाजता येणार ते."

सुरूंच्या सावलीत फळा होता. खुर्च्या होत्या. फादर येशूचं नाव घेत होते, मी सगळ्या देवांचं. यमुना पुढे झाली आणि पौर्णिमेची भरती, ओहोटी, सगळं मांडून म्हणाली, "साडेतीनला खांबाची बुडं उघडी पडतील." साहेबांनी घड्याळ काढलं. मला वाटलं, आता हे निघून जाणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "तिथीची पाऊणपटच का? सबंध का नाही?" बस्स, सर, तिथून पाऊण तास माझा होता. मासवणकडच्या सुकरीने चंद्र रोज उशिरा का उगवतो ते सांगितलं. दुसऱ्या एकीने पाणी किती वेगाने मागे जातंय ते काठीने वाळूत रेघा मारून मोजलं आणि त्रैराशिक मांडलं. साहेब कागद विसरले. कोट काढून वाळूत उकिडवे बसले आणि पोरींशी वाद घालायला लागले. तीन पंचवीसला बगळा उडाला. तीन बत्तीसला खांबांच्या बुंध्याशी ओली वाळू चमकली. साहेबांनी घड्याळ वर करून सगळ्यांना दाखवलं आणि अख्ख्या शाळेने जो काही कल्ला केला, तो पार नव्या कोळीवाड्यापर्यंत गेला असेल.

सामना मात्र आपण एका गुणाने हरलो. बोईसरच्या मुलींनी बूट काढून टाकले आणि काय धावल्या हो त्या! यमुना शेवटच्या मिनिटाला बाद झाली. ती बाद नव्हतीच हे तुमचं मत तुम्ही वीस वर्षं सोडलं नाहीत. ती बाद होती, सर. मी खांबाच्या शेजारीच उभी होते. यावर आपलं भांडण कधी मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही, तेव्हा शेवटचा शब्द माझा: ती बाद होती.

साहेबांनी जाताना शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'क्रीडांगण आहे. दिवसातून दोन वेळा उपलब्ध.' दहावी मिळाली. फादरांनी सगळ्यांना गूळ-दाणे वाटले. तुम्ही एकटे सामना हरल्याच्या दुःखात खांब उपटत होतात.

आणि तेव्हापासून तुमचं गणित कच्चं. शाळेच्या प्रत्येक संमेलनात तुमची नक्कल व्हायची, कुणी पोरगा शिट्टी अडकवून 'दोन नि दोन पाच' म्हणायचा. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसायचात. निरोपसमारंभातही तेच झालं. मी दरवेळी ठरवायचे, उद्या सांगीन. मग वाटायचं, दहावीचा निकाल लागू दे. मग वाटायचं, मुलांचा माझ्यावरचा विश्वास जाईल. खरं सांगू? भीती वाटायची. राऊतबाई कधी चुकत नाहीत, हे ऐकायची चटक लागली होती मला.

तर रविवारी हॉल गच्च भरला होता. अपेक्षेप्रमाणे ती गोष्ट निघाली, रंगली, खांबावरचा बगळा आता मोर झाला आहे. लोक हसत होते, डोळे पुसत होते. फादरांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि एका दमात म्हणाले, "ती तिथी सरांनी नाही मोजली. मी मोजली होती. चूक माझी होती, आणि सरांनी ती माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतली."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, केवढं मोठं मन तुमचं!"

टाळ्या, सर! सगळे टाळ्या वाजवायला लागले. गेलेल्या माणसाच्या नावावर बोल राहू नये म्हणून बाई स्वतःकडे चूक घेताहेत. मी हात हलवून ओरडले, "अरे बाबांनो, खरंच! मी डिसेंबर तीस दिवसांचा धरला होता!" यावर तर हास्याचा असा स्फोट झाला की फादरांनाही आवरेना. "राऊतबाई नि डिसेंबर तीस दिवसांचा!" पोटभर हसले सगळे. माझं आयुष्यभराचं गुपित मी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये फोडलं आणि एकानेही ते घेतलं नाही. तुम्ही काम इतकं चोख केलंत की खरं आता कुणाला पटत नाही.

बाहेर आले तर सुरूंपाशी यमुना उभी होती. आता तिची स्वतःची होडी आहे, मुलगी माझ्याकडे नववीत आहे. ती एकटीच हसत नव्हती. जवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला ठावं हाय. तुमीच मोजली व्हती."

"सरांनी सांगितलं?"

"मीच सरांना सांगितलं व्हतं. आदल्या दिशी. उद्या अडीचला पाणी असणार, हे आमच्या घरातलं तान्हं पोर पण सांगंल. मी पळत सरांकडं गेले. म्हटलं, बाईंना सांगते. सर म्हणाले, 'थांब. सांगितलंस तर रातभर झोपायच्या नाय त्या. नि पाणी नसलं तर साहेब ग्राउंड बघून पाच मिनटांत जीपमधी बसंल. पाणी असू दे. त्याला थांबावं लागंल. तवर बाईंच्या पोरींचं गणित बघंल. शाळेत दाखवण्यासारखं तेच हाय.' मग आमी संध्याकाळी सुकतीला जाऊन खांब रोवले. फळा पण सरांनीच नेऊन ठेवला."

 म्हणजे फाटकात मी रडत होते आणि तुम्ही कान खाजवून "असं?" म्हणालात, तेव्हा तुमचं सगळं ठरलेलं होतं! ज्या माणसाने वीस वर्षं माझे तास पळवले, त्याने आपल्या सामन्याचा वेळ मला दिला होता आणि वर नाव कच्च्या गणिताचं लावून घेतलं होतं. मी तुम्हाला काय काय बोलले आहे, सर. मैदानावरून येणारा पीटी मास्तर, डोक्यात वाळू भरलेला, असंही एकदा बोलले आहे. तुम्ही त्यावर "ओली की कोरडी?" असं विचारलं होतंत.

यमुनाला मी विचारलं, "मग एवढी वर्षं तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "सर म्हणाले व्हते, बाई स्वतः सांगतील तवा बोल. नायतर नको."

म्हणजे वाट बघत होतात तुम्ही, सर. मी सांगेन याची खात्री धरून, एकदाही न विचारता, वीस वर्षं. मी सांगितलं खरं, पण पाच दिवस उशिरा.

मग यमुना हसायला लागली आणि तिच्यामागे मी. त्या सुरूंखाली आम्ही दोघी अशा हसलो की फादर खिडकीतून डोकावले. रविवारी मी रडायची पूर्ण तयारी करून आले होते, सर. पर्समध्ये दोन रुमाल घेतले होते. दोन्ही कोरडेच घरी परत नेले. हे लिहिताना मात्र त्यातला एक पार भिजला आहे.

तुमची,
राऊतबाई